धार आहे, पण कापत नाही

"हाही बेकार," म्हणत दादाने तिसरा चाकू कापायच्या टेबलावर भिरकावला. घसरत जाऊन तो कॅनव्हासच्या गुंडाळीला अडला.

धाकटी मशीनवर बसली होती. तिने पाय थांबवला, पण मान वर केली नाही. "कालच तर आला ना तो?"

"मग? काल आलेली वस्तू बेकार नसते?"

केस पांढरे व्हायला लागले तरी घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. दादा तिचा थोरला भाऊ. दोघं मिळून दुकानांपुढची कापडी छतं आणि गाड्यांवरच्या ताडपत्र्या बनवत. कारखाना म्हणायचं, पण होती ती एक लांबुळकी खोली. मधोमध टेबल, खिडकीपाशी शिलाईची दोन मशिनं, भिंतीला टेकवलेल्या लोखंडी नळ्या, आणि मेणकापडाचा एक असा वास, की घरी जाऊन दोनदा डोकं धुतलं तरी तो उशीला लागायचा. शिवणं धाकटीकडे. मापं घेणं, कापणं आणि शिडीवर चढून छत बसवणं दादाकडे. त्यातही कापणं म्हणजे त्याची जहागीर. खिशात घडीचा चाकू नाही असा दादा कुणी पाहिलाच नव्हता. दोर, कापड, रबराची पट्टी, खोक्यावरची चिकटपट्टी, दुपारचं सफरचंद, सगळं त्या एका चाकूने. अंगठ्याने पातं उघडायचं, काम करायचं, मांडीवर टेकवून मिटायचं. धाकटीला तर तो खट् आवाज ऐकल्याशिवाय कामाला सुरुवात झाली असं वाटतच नसे.

हिवाळ्यात त्याचं चाकूशी बिनसलं. "धार आहे, पण कापत नाही," असं तो म्हणायला लागला. सकाळी आल्या आल्या दगड काढून बसायचा आणि जुनं पातं घासत राहायचा. घासून घासून ते इतकं निमुळतं झालं, की शेवटी त्याने ते खिळ्यांच्या डब्यात टाकून दिलं. मग त्याच्या डोक्याने घेतलं, की दोष धारेत नाही, पात्याच्या घडणीत आहे.

"हे बघ," त्याने एकदा धाकटीला समजावलं होतं. "पात्याला दोन गाल असतात. वरच्या जाड कण्यापासून धारेपर्यंत उतरत येतात ते. ते गाल कसे घासलेत, त्यावर सगळं असतं. धार काय, कुणीही लावेल."

तेव्हा तिला मजा वाटली होती. पहिला नवा चाकू आला, त्याचे गाल आत गेलेले होते. दात काढलेल्या म्हाताऱ्यासारखे, असं ती म्हणाली आणि दादा हसला. दुसऱ्याचे गाल सरळ सपाट, कण्यापासून धारेपर्यंत एकच उतार. आणि हा तिसरा गुबगुबीत, बाहेरच्या अंगाने फुगलेला. बसका, सपाट आणि गुबगुबीत, अशी तिने नावंच ठेवली होती त्यांची. पण आता तिसराही बेकार ठरला होता, आणि चष्म्याच्या दुकानाचं छत अजून कापायचं पडलं होतं.

"ये इकडे," दादा म्हणाला. "तूच बघ. म्हणजे उगाच मला बोलणार नाहीस."

त्याने टेबलावर मांडामांड केली. कॅनव्हासची पट्टी, खोक्याचा जाड पुठ्ठा, दोराचा तुकडा, छताच्या कडेला लावतात ती रबराची पट्टी. आधी बसका घेतला. कॅनव्हासवर टेकवला आणि ओढला. कापड सुरकुतलं, पातं वाकडं फिरलं, आणि चीर मध्येच थांबली. पुठ्ठ्यात तर रुतूनच बसलं. सपाट घेतला, तेच. गुबगुबीत घेतला, तेच. दोरावर तो करवतीसारखा पुढे-मागे, पुढे-मागे करत राहिला. कपाळावरची शीर तटतटली.

"बघितलंस?"

"आण."

धाकटीने बसका हातात घेतला. कॅनव्हासवर तो लोण्यातून जावा तसा गेला. पुठ्ठ्यात मात्र खरंच अडला. पातळ टोक आत जायचं आणि वरचा जाड भाग पाचरीसारखा अडकायचा. सपाट सगळीकडे बरा चालला, कुठे फार छान नाही, कुठे वाईट नाही. गुबगुबीत कॅनव्हासवर सुरुवातीला थोडा घसरला, पण दोर आणि रबर त्याने असे सोडवले की तिलाच नवल वाटलं. म्हणजे दादाने सांगितलं होतं तेच खरं होतं. प्रत्येकाची घडण वेगळी आणि प्रत्येकाची खोड वेगळी. तिच्या हातात.

त्याच्या हातात तिघेही सारखेच वाईट होते.

तिने वर पाहिलं. दादा तुकड्यांकडे बघत होता. आणि त्याचा उजवा हात टेबलावर पालथा पडला होता. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये जो मांसाचा उंचवटा असतो, तिथे खळगा पडला होता. करंगळी बाजूला, जरा वाकडी, दुसऱ्या कुणाची असावी तशी.

"दादा, हात दुखतो का रे तुझा?"

"हाताला काय धाड भरलीय?" त्याने हात खिशात घातला. "तुझी पद्धत वेगळी आहे. तू दाबून कापतेस. दाबून कुणीही कापेल."

नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणावं, तर हा माणूस नाचण्यातला उस्ताद होता. त्यामुळे ते तिच्या तोंडून निघेना. तिने चष्मेवाल्याचं कापड त्या दिवशी स्वतः कापलं. दादा पाठमोरा नळ्या मोजत राहिला. तशा त्या मोजायची काही गरज नव्हती.

संध्याकाळी ती त्याच्या घरी गेली, तो आंघोळीला गेल्याचं बघून वहिनीपाशी विषय काढला. वहिनी भांडी लावत होती. एकाएकी थांबली.

"वन्सं, हे कप बघा," ती म्हणाली. फळीवर जाडजूड कानाचे मग होते, सगळे नवे. "आधीचे कप गुळगुळीत होते म्हणे. चार फुटले. शर्टाची काजं लहान आहेत म्हणे, म्हणून आता बिनबटणांचे सदरे. कुलूप गंजलंय म्हणून कुलूप बदललं. परवा पेन फेकून दिलं. मी म्हटलं, अहो, घरातल्या सगळ्या वस्तूंनी एकदम तुमच्याशी वैर धरलंय का? तर दोन दिवस माझ्याशी अबोला."

"डॉक्टरकडे न्या ना."

"मी नेऊ? त्यांना?" वहिनीने कपाळाला हात लावला. "तुम्ही बहीण आहात, तुम्ही सांगून बघा."

"मी सांगितलं तर म्हणेल, तू दाबून कापतेस."

दोघी हसल्या, पण त्या हसण्यात काही जीव नव्हता. आंघोळ करून दादा बाहेर आला आणि दोघींकडे आळीपाळीने बघून म्हणाला, "काय खलबतं चाललीत?" दोघीही एकदम "काही नाही" म्हणाल्या.

धाकटीला आठवडाभर त्या "काही नाही"चा राग येत होता. स्वतःचा, वहिनीचा आणि दादाचा तर सगळ्यात जास्त. तो रोज तीन चाकू टेबलावर मांडायचा, पात्यांवरून नख फिरवायचा, उजेडात धरायचा. "सपाटाचे गाल अजून थोडे पातळ हवे होते," असलं काहीतरी स्वतःशी बोलायचा. बोलणं अचूक असायचं, त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि म्हणूनच तिचं डोकं उठायचं. घर जळत असताना कुणी दाराच्या बिजागरीबद्दल तासभर बोलावं तसं.

मग चष्म्याच्या दुकानाचा दिवस आला.

दुकान चौकात होतं, समोर मोठी काच, काचेत चष्म्यांच्या रांगा. मालक सज्जन माणूस, स्वतःच्याच दुकानातला चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन फिरणारा. जुन्या छताचा लोखंडी सांगाडा आधी उतरवायचा होता. भिंतीतले बोल्ट निघाले, आणि सांगाडा वरच्या दोन कड्यांना दोन जुन्या दोरांनी लटकून राहिला. दादाने शिडीवरून एकेक दोर कापायचा, धाकटीने खालून तोलून धरायचं आणि हळूहळू खाली घ्यायचं. असं काम त्यांनी कितीतरी वेळा केलं होतं.

"गुबगुबीत घेतलाय," दादा वरून म्हणाला. "दोराला हाच बरा."

पहिला दोर कापायला त्याला फार वेळ लागला. तुटला एकदाचा, आणि सांगाड्याची डावी बाजू धाकटीच्या हातांवर आली. लोखंड जड होतं, आणि आता ते एकाच दोरावर तिरकं लोंबत होतं, काचेच्या दिशेने ओढ घेत.

"काप पटकन!"

"कापतोय!"

"दादा, काप ना! माझा हात सुटतोय!"

चष्मेवाला धावत आला, पण कुठे धरायचं ते त्याला कळेना. धाकटीने वर पाहिलं. दादाने एका हाताने शिडी धरली होती आणि दुसऱ्या हाताने दोर खरवडत होता. खरवडतच होता. मग चाकू त्याच्या बोटांतून निसटला. कुणी धक्का दिला नव्हता की तो दचकला नव्हता. बोटं नुसती उघडली, आणि चाकू तिच्या पायाजवळ फरशीवर येऊन पडला.

तिचे हात तेव्हाच सुटले. सांगाडा फिरला, त्याची कड तिच्या खांद्यावर बसली आणि दुसरं टोक काचेत गेलं. काच आधी नुसती तडकली, आणि मग, सगळे बघत असताना, खाली आली. चष्मे फुटपाथवर विखुरले.

दादा भराभर शिडी उतरला. चेहरा पांढराफटक. "लागलं का गं तुला? दाखव. लागलं का?" आणि तिने मान हलवल्याबरोबर, श्वासही न घेता, "त्या चाकूची मूठच इतकी गुळगुळीत आहे, मी म्हटलं होतं तुला..."

"मुठीला काही झालेलं नाही!" धाकटी ओरडली. चौकातली माणसं थांबली. "मुठीला नाही, पात्याला नाही, गालाला नाही, कण्याला नाही! तुझ्या हाताला झालंय! हाताला! कळतंय का तुला? तीन चाकू आणलेस, तीस आण! सगळे चांगले आहेत!"

तिने चाकू उचलला, दुखऱ्या खांद्याने शिडी चढली, चष्मेवाल्याला सांगाडा धरायला लावला, आणि दुसरा दोर कापला. दोन ओढींत तुटला. तो तसा तुटायला नको होता, असं तिला त्याच क्षणी वाटलं. निदान त्याच्यासमोर तरी. पण तुटला.

खाली आली तेव्हा दादा फुटपाथवर उकिडवा बसून डाव्या हाताने चष्मे गोळा करत होता, एकेक पुसून चष्मेवाल्याच्या हातात देत होता. "काच आम्ही बसवून देऊ," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यात आला नाही. त्याच्या नंतरच्या दिवशीही नाही. धाकटीने खांद्याला औषध लावून दोन ताडपत्र्या शिवल्या, दोन्ही उसवल्या, पुन्हा शिवल्या. बोलायला कुणी नव्हतं. तिला त्याचा राग यायचा, मग चौकातला त्याचा चेहरा आठवायचा, आणि मग या आठवणीचाच राग यायचा. मी काय चूक बोलले? ती मशीनला विचारायची. चूक काहीच नव्हतं. त्याने काही हलकं होत नव्हतं.

शेवटी तीच गेली. वहिनीने दार उघडलं आणि डोळ्यांनीच स्वयंपाकघर दाखवलं. दादा टेबलाशी बसला होता. समोर चहाचा मग, आणि तो त्याने दोन्ही हातांनी धरला होता, लहान मुलं धरतात तसा. तिला बघून त्याने एक हात काढून घेतला, मग जरा थांबून परत लावला.

"खांदा कसा आहे?"

"निळा आहे."

"हं."

ती समोर बसली.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"पहिल्यापासून." त्याने करंगळीकडे बघितलं. "आधी नुसत्या मुंग्या यायच्या. मग एक दिवस कात्री उचलली आणि ती हातात आहे की नाही, हे मला बघून कळलं."

"मग हे चाकू कशाला रे? बसका, सपाट, गुबगुबीत... माझं डोकं खाल्लंस महिनाभर!"

दादा मगात बघत राहिला. "चाकू बदलता येतो," तो म्हणाला. "म्हणून."

धाकटी पुन्हा चिडली. "ऊठ. कपडे बदल. मी गाडी दारात लावलीय."

"आत्ता?"

"आत्ता. नाहीतर मी वहिनीला सांगते, मग दोघी मिळून उचलून नेऊ."

"ती बटणं..." दादा अडखळला.

"मी लावते," दारातून वहिनी म्हणाली. ती कधीपासून तिथे उभी होती कोण जाणे.

डॉक्टर बाई तरुण होत्या आणि फार कमी बोलत. त्यांनी दादाला बोटं पसरायला सांगितली, मग मिटायला. मग अंगठा आणि पहिल्या बोटात एक कागद धरायला दिला आणि ओढला. कागद सहज निघून आला. दादा त्या कागदाकडे असा बघत राहिला, जसं कुणी त्याच्या खिशातून काहीतरी काढून घेतलं असावं.

"कोपराच्या आतल्या बाजूने एक नस जाते," त्या म्हणाल्या. "ती दबलीय. कामात कोपर टेकवून बसायची सवय आहे का?"

दादा आणि धाकटीने एकमेकांकडे पाहिलं. टेबलाच्या कडेवर उजवं कोपर रोवून, अंगाचा सगळा भार त्यावर टाकून खडूने आखणारा दादा दोघांच्याही डोळ्यांसमोर आला असणार.

"ऑपरेशन करता येईल. पुढे वाढायचं थांबेल. पण जे गेलंय ते सगळं परत येईल असं मी सांगणार नाही." आणि मग, त्यांनी विचारू नये असं धाकटीला वाटत असतानाच, "आधी का नाही आलात?"

"चाकू आणायला गेलो होतो," दादा म्हणाला. डॉक्टर बाईंना काही कळलं नाही. धाकटीला मात्र हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिने खांदा दुखतोय असं दाखवून पुसलं.

ऑपरेशन झालं. मुंग्या कमी झाल्या, रात्रीची झोप लागायला लागली, पण पकड काही आली नाही, किंवा आली असलीच तर इतकी थोडी की दादालाच ती दिसायची. "आज मग एका हाताने उचलला," तो सांगायचा. वहिनी म्हणायची, "अर्धा होता."

कारखान्यात आता कापणं धाकटीकडे आलं, आणि तिथून तिच्या डोक्याला नवा ताप सुरू झाला. जो माणूस पूर्वी काम करताना तासन्‌तास गप्प असायचा, तो आता काम करता येत नाही म्हणून अखंड बोलायला लागला.

"कॅनव्हासला बसका घे. बसका!"

"मी सपाट घेतलाय."

"सपाटाने होईल, पण कड दोरे सोडेल. बसक्याने कशी स्वच्छ..."

"आणि शिडीवर गेल्यावर दोराला काय करू? दोन-दोन चाकू घेऊन हिंडू?"

"मी हिंडत नव्हतो का?"

"नाही! तू एकच घेऊन हिंडायचास!"

यावर तो म्हणायचा, "पात्याचं पोट लाव, मधली गोलाई. टोकाने ओरबाडू नकोस." आणि सगळ्यात संताप आणणारी गोष्ट ही, की पोट लावलं की कापड खरंच नीट कापलं जायचं.

चष्मेवाल्याचं नवं छत बसवायला ते गेले, तेव्हा काच नवी होती आणि चष्मेवाला जरा लांबच उभा होता. दादाने सांगाड्याला खालून आधार द्यायला दोन लाकडी टेकू बनवले होते. घरी बसून त्याने डोकं लढवून केलेले, आणि होतेही भक्कम. सांगाडा नुसत्या टेकूंवर उभा राहिला, माणसाचे हात लागलेच नाहीत. धाकटी वर चढली. बोल्ट आवळले, कापड ताणलं, दोर बांधले, उरलेली टोकं आणि रबराची जास्तीची पट्टी कापली. दादा खालून बघत होता. तोंडाने एक शब्द नाही. तिला तेच जास्त जाचायला लागलं.

"बोल की," ती वरून म्हणाली.

"काही नाही."

काम आटोपलं. चष्मेवाल्याने पाणी दिलं, छान झालं म्हणाला, दोनदा म्हणाला. शिडी गाडीवर बांधली, टेकू आत ठेवले. धाकटीने गाडी सुरू केली आणि चौक ओलांडला. पुढच्या सिग्नलला दादाने घसा खाकरला.

"उजवीकडची कड बोटभर तिरकी गेलीय."

"माहीत आहे."

"रबर कापताना तुझं मनगट फिरलं."

"माहीत आहे म्हटलं ना!"

"कुणाच्या लक्षात यायचं नाही तसं."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने भोंगा वाजवला. धाकटीने दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळलं, तोंडातल्या तोंडात एक शिवी घातली, कुणाला ते तिलाच ठाऊक नव्हतं, आणि गाडी वळवून घेतली. चष्म्याच्या दुकानासमोर उतरून तिने शिडीचे दोर सोडायला घेतले. दादा दुसऱ्या बाजूने आला. त्याला गाठ सुटेना. त्याची गाठही तिनेच सोडवली, आणि दोघांनी मिळून शिडी पुन्हा त्याच भिंतीला लावली.

"सावकाश," तो म्हणाला.

"गप्प बस," ती म्हणाली आणि चढली.